कॅलनबॅक यांची कागदपत्रे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी पत्र्याची जुनी ट्रंक मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन भातसानगरच्या माझ्या बिऱ्हाडी आला. ग्रामीण कुटुंबांच्या कर्जव्यवहारांविषयी मी वर्गाला एक लहानसा पाहणी-प्रकल्प दिला होता आणि घरात जुन्या पावत्या वा दस्तऐवज असतील तर तेही पाहावेत, असे सुचविले होते. या मुलाचे कुटुंब मूळचे मुरबाड तालुक्यातले. भातसा धरणाचे काम निघाले तेव्हा आजोबा मजुरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. ट्रंकेत सारा भरल्याच्या पावत्या निघाल्या, सावकाराच्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या घडीत, स्टुडिओत काढलेला पाच तरुणांचा एक फोटो निघाला. त्याचा उजवा कोपरा वाळवीने खाल्ला होता.

त्या पाचांतील मधला तरुण म्हणजे आपले पणजोबा, एवढेच मुलाला ठाऊक होते. भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी १९४२ च्या अखेरीस सिद्धगडच्या जंगलात भूमिगत असताना पणजोबा त्यांना भाकऱ्या पोहोचवीत, असे घरात पिढीजात सांगितले जाते. २ जानेवारी १९४३ रोजी कोतवाल व हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, हा आमच्या भागातील मुलांना तोंडपाठ असलेला इतिहास आहे. भाकऱ्या पोहोचविणाऱ्यांचा इतिहास मात्र कोठेही लिहिलेला नाही. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मानवेतनाची योजना आली, तेव्हा पणजोबांनीही अर्ज केला होता म्हणे. कागद मागण्यात आला. कागद नव्हता. अर्ज परत आला, आणि तो परत आलेला अर्ज तेवढा ट्रंकेत जपून ठेवलेला होता.

त्या ट्रंकेपुढे बसलो असता मला हर्मन कॅलनबॅक यांची आठवण झाली. गांधीजींची आत्मकथा ज्यांनी विद्यार्थिदशेत वाचली असेल त्यांना हे नाव अगदीच अनोळखी नसावे. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचे हे जर्मन ज्यू मित्र व्यवसायाने वास्तुशिल्पी होते. दोन महायुद्धांनी या माणसाचे आयुष्य दोनदा तोडले. तरीही त्याची पत्रे, फोटो आणि टिपणे एका कुटुंबाने तीन खंडांच्या प्रवासात सांभाळली व अखेर ती आपल्या देशात, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात येऊन पोहोचली. हे कसे घडले आणि त्यातले काय हरवले, याचा हिशेब मांडण्याजोगा आहे.

कॅलनबॅक यांचा जन्म १ मार्च १८७१ चा. आज लिथुआनिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, त्या काळच्या रशिया व प्रशिया यांच्या सरहद्दीवर ते जन्मले आणि पूर्व प्रशियातील रुसने या नदीकाठच्या गावी वाढले. स्टुटगार्ट व म्युनिक येथे त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. नुसते आराखडे काढून न थांबता गवंडीकाम व सुतारकामही हाताने शिकले, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. १८९६ साली ते जोहान्सबर्गला मामांकडे गेले. सोन्याच्या खाणींमुळे ते शहर तेव्हा रातोरात वाढत होते. अशा शहरात घरे बांधणाऱ्याला पैशाची काय ददात असणार? तिशी ओलांडेपर्यंत कॅलनबॅक श्रीमंत, अविवाहित आणि काहीसे उधळे असे गृहस्थ झाले होते.

गांधीजींशी त्यांची ओळख झाली ती एका भारतीय वकिलामार्फत, १९०३-०४ च्या सुमारास. बुद्धाविषयी, त्यागाविषयी बोलणे झाले आणि त्या बोलण्याचा परिणाम कॅलनबॅक यांच्या खर्चवहीवर दिसू लागला. गांधीजींनी आत्मकथेत जी आकडेवारी दिली आहे ती अर्थशास्त्राच्या शिक्षकाने डोळ्यांआड करावी अशी नाही. घरभाडे सोडून हे गृहस्थ स्वतःवर महिन्याला १,२०० रुपये खर्च करीत होते, तो खर्च त्यांनी १२० रुपयांवर आणला. नव्वद टक्के कपात! कोणत्याही अर्थमंत्र्याला हे आजवर साधलेले नाही. विनोद बाजूला ठेवू. गांधीजींच्या सहवासात अनेकांनी साधेपणा पत्करला हे खरे, परंतु ज्याला गमावण्यासारखे पुष्कळ होते आणि ज्याचा या लढ्याशी जन्माने काहीच संबंध नव्हता, अशा माणसाने तो पत्करावा याला वेगळे मोल आहे.

पुढे दोघे जोहान्सबर्गच्या ऑर्चर्ड्स या भागात कॅलनबॅक यांनीच बांधलेल्या घरात एकत्र राहिले. हे घर आज सत्याग्रह हाऊस या नावाने जतन केलेले आहे. १९१० च्या मे महिन्याच्या अखेरीस कॅलनबॅक यांनी लॉली स्टेशनजवळची आपली सुमारे १,१०० एकरांची शेतजमीन, भाडे वा मोबदला न घेता, सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी देऊन टाकली. तेच टॉल्स्टॉय फार्म. जोहान्सबर्गपासून एकवीस मैल. हजारभर फळझाडे, दोन विहिरी, एक झरा. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांना पोसणे ही त्या लढ्याची मोठी आर्थिक अडचण होती. मुंबईहून सर रतन टाटांनी १९०९ साली २५,००० रुपये पाठविले होते, पण दरमहा रोख मदत वाटत राहिल्यास निधी पुरणार कोठून? सर्वांनी एकत्र राहावे, स्वतः शिजवावे, स्वतः पिकवावे म्हणजे खर्च आटोक्यात येईल, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. आध्यात्मिक प्रयोग म्हणून टॉल्स्टॉय फार्मचे वर्णन करणारे लेखक ही बाजू सोडून देतात.

येथे कॅलनबॅक यांचे हात कामाला आले. घरे उभारणे, बाके व पेट्या तयार करणे, बागेची मशागत ही कामे त्यांच्याकडे होती. ते ट्रॅपिस्ट पंथाच्या मठात जाऊन चपला शिवण्याची विद्या शिकून आले आणि गांधीजींना त्यांनी ती शिकविली. गांधीजींच्या हातच्या चपला आज जगप्रसिद्ध आहेत. त्या विद्येतले त्यांचे गुरू कॅलनबॅक.

या फार्मशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्रही शिकविलेले असल्याने आम्हा लोकांना त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी. जोहान्सबर्गच्या स्टेशनवर त्यांच्या स्वागतासाठी जी शोभिवंत कमान उभारली तिचा आराखडा कॅलनबॅक यांचा. टेकडीवरील ज्या बंगल्यात गोखल्यांना उतरविले तो बंगलाही कॅलनबॅक यांचाच. तेथील कोकणी मुसलमान व इतर महाराष्ट्रीय मंडळींपुढे गोखले गांधीजींच्या आग्रहावरून मराठीत बोलले. टॉल्स्टॉय फार्मला जाताना लॉली स्टेशनपासून त्यांना दीड मैल चालत नेण्यात आले, नेमका पाऊस आला, आणि आधीच नाजूक प्रकृतीच्या गोखल्यांना सर्दी झाली. परतीच्या प्रवासात गांधीजी व कॅलनबॅक त्यांना झांझिबारपर्यंत पोहोचवून आले. जोहान्सबर्गच्या स्टेशनावर एका जर्मन ज्यूने एका पुणेकरासाठी उभारलेल्या या कमानीची आठवण पुण्यात किती जणांना असेल, कोण जाणे.

पुढच्याच वर्षी, १९१३ च्या नोव्हेंबरात, नाताळमधील खाणमजुरांची ती प्रसिद्ध पदयात्रा निघाली. दोन हजारांहून अधिक माणसे ट्रान्सव्हालच्या हद्दीत शिरली. गांधीजी, हेन्री पोलाक आणि कॅलनबॅक या तिघांनाही अटक झाली, फोक्सरस्ट येथे शिक्षा झाली आणि तिघांना वेगवेगळ्या तुरुंगांत पाठविण्यात आले. पोलाकही ज्यूच. भारतीयांच्या हक्कांसाठी तुरुंगात गेलेल्या या दोन ज्यूंचा उल्लेख आपल्या शालेय पुस्तकांत एखाद्या ओळीपलीकडे जात नाही.

लढा मिटला. १८ जुलै १९१४ रोजी गांधीजी, कस्तुरबा आणि कॅलनबॅक केप टाऊनहून किनफॉन्स कॅसल या बोटीने तिसऱ्या वर्गातून इंग्लंडला निघाले. तेथून हिंदुस्थानात जाऊन कायमचे राहावयाचे असा कॅलनबॅक यांचा निश्चय होता. त्यासाठी गुजराती शिकणे चालू होते. कॅलनबॅक यांना दुर्बिणींचा शौक होता. एका दुर्बिणीवरून दोघांत रोज वाद होई, आणि शेवटी वादाचे मूळच नको म्हणून सात पौंडांची ती दुर्बीण समुद्रात टाकण्यात आली. आत्मकथेतील हा प्रसंग पुष्कळांच्या लक्षात असतो. बोट इंग्लंडच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वीच युद्ध पुकारले गेले होते, हे त्यामानाने कमी जणांच्या लक्षात राहते.

४ ऑगस्ट १९१४ नंतर इंग्लंडमध्ये कॅलनबॅक यांची ओळख एकच उरली. ते शत्रुराष्ट्राचे नागरिक होते. अठरा वर्षे आफ्रिकेत काढलेली, ब्रिटिश साम्राज्याच्या प्रजाजनांसाठी तुरुंगवास भोगलेला, पण पारपत्र जर्मन. त्यांना हिंदुस्थानात येऊ द्यावे म्हणून गांधीजींनी खटपट केली. प्रकरण व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्यापर्यंत गेले आणि हिंदुस्थान सरकार हा धोका पत्करू शकत नाही असे उत्तर आले. डिसेंबर १९१४ मध्ये गांधीजी व कस्तुरबा बोटीत बसले, कॅलनबॅक मागे राहिले. पुढच्या वर्षी त्यांना आयल ऑफ मॅन या बेटावरील स्थानबद्धांच्या छावणीत डांबण्यात आले. १९१७ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते जर्मनीला गेले. १९२० मध्ये पुन्हा जोहान्सबर्ग. कॅलनबॅक आले असते तर आज ते शेतकऱ्याचे व विणकऱ्याचे साधे, सुखी जीवन जगत असते, अशी हळहळ गांधीजींनी पुढे आत्मकथेत व्यक्त केली आहे.

या वियोगाच्या वर्षांत उरला तो पत्रव्यवहार. अहमदाबादजवळच्या आश्रमाची उभारणी, चंपारण, घरातल्या कुरबुरी, मुलांची काळजी हे सारे गांधीजी तारेच्या कुंपणाआडच्या मित्राला कळवीत राहिले. युद्धकाळातील टपाल, कोणते पत्र पोहोचेल आणि कोणते तपासनिसाच्या टेबलावर राहील, याचा भरवसा नाही. छावणीतून जर्मनी आणि जर्मनीतून आफ्रिका अशा प्रवासात कपडेलत्ते हरवणे सोपे असते. पत्रे सांभाळणे अवघड. कॅलनबॅक यांनी ती सांभाळली.

दुसऱ्या बाजूची स्थिती याच्या उलट आहे. कॅलनबॅक यांनी लिहिलेली सुरुवातीची पत्रे गांधीजींनी नष्ट केली. ती दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडू नयेत, अशी मित्राची इच्छा आहे असे त्यांनी धरले होते. मित्राचा शब्द त्यांनी पाळला, त्याबद्दल त्यांना दोष कसा द्यावा? पण त्यामुळे अर्धाच संवाद आपल्या हाती आला आहे. एकाचा आवाज ऐकू येतो आणि दुसरा काय म्हणाला असेल हे त्यावरून ताडावे लागते. इतिहासाच्या अभ्यासात अशी जागा अनुमानाने भरली जाते, आणि अनुमान करणारा माणूस नेहमीच सज्जन असतो असे नाही.

१९२० नंतरचे कॅलनबॅक पुन्हा यशस्वी वास्तुशिल्पी होते. कॅलनबॅक, केनेडी अँड फर्नर या त्यांच्या कंपनीचे जोहान्सबर्गमध्ये नाव होते. या काळाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १९३३ नंतर मात्र सारेच बदलले. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि आपण ज्यू आहोत या जाणिवेने कॅलनबॅक यांना घेरले. ते दक्षिण आफ्रिकेतील झायोनिस्ट संघटनेत काम करू लागले. गांधीजींचे हे जुने स्नेही आपली बाजू त्यांना समजावू शकतील, असे पॅलेस्टाइनमधील ज्यू पुढाऱ्यांना वाटले आणि मोशे शेर्तोक यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. १९३७ च्या मे महिन्यात, तेवीस वर्षांच्या खंडानंतर, कॅलनबॅक हिंदुस्थानात आले. वलसाडजवळ तिथल येथे समुद्रकिनारी दोघे भेटले आणि तेथून कॅलनबॅक वर्ध्याजवळच्या सेगावला गेले. १९४० साली ज्याचे नाव सेवाग्राम झाले तेच हे गाव.

सेगावच्या त्या कुडाच्या झोपड्यांत एक जर्मन वास्तुशिल्पी राहून गेला, ही गोष्ट वर्ध्याला जाणाऱ्या आपल्या सहलींत कोणी सांगत नाही. ते दुसऱ्यांदा आले १९३९ च्या आरंभी. तेव्हाचे सेगाव वेगळे होते. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर १९३८ मध्ये, गांधीजींनी हरिजनमध्ये ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहून जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला होता आणि पॅलेस्टाइन हा अरबांचा देश आहे अशी भूमिका घेतली होती. मार्टिन बूबर व ज्यूडा मॅग्नेस यांनी त्यावर जेरुसलेमहून सविस्तर, व्यथित पत्रे लिहिली. या वादातील एक ज्यू प्रत्यक्ष सेगावात, गांधीजींच्या शेजारी, हिवतापाने अंथरुणाला खिळून पडला होता. गांधीजींनीच फेब्रुवारी १९३९ मध्ये लिहिले आहे की आपल्यासोबत राहणारा एक ज्यू मित्र बुद्धीने अहिंसा मानतो, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे त्याला जमत नाही. या रागाबद्दल आपण मित्राशी भांडत नाही, असेही त्यांनी तेथे नोंदविले आहे.

या प्रसंगी माझी सहानुभूती, खरे सांगायचे तर, आजारी पाहुण्याकडे जाते. ज्याने अहिंसेसाठी जमीन दिली, तुरुंग सोसला, त्याला अहिंसा समजली नव्हती असे म्हणता येणार नाही. त्याच १९३९ च्या मार्चमध्ये कॅलनबॅक यांचे बालपण जेथे गेले तो मेमेलचा प्रदेश हिटलरने जर्मनीला जोडला. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा लिथुआनियात शिरल्या. त्या देशातील दोन लाखांहून अधिक ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यू युद्ध संपेपर्यंत मारले गेले. माणसांबरोबर घरे गेली, आणि घरांबरोबर भिंतीवरचे फोटो, लग्नाचे करार, शाळेचे दाखले, मुलांच्या वह्या गेल्या. आज पूर्व युरोपातील कितीतरी ज्यू कुटुंबांचा पुरावा म्हणजे युद्धापूर्वी परदेशी गेलेल्या एखाद्या नातेवाइकाला पाठविलेला एखादा फोटो. जो दूर गेला त्याच्याजवळच घराचे चित्र उरले.

आपल्याकडील बेने इस्राएल मंडळींच्या वाट्याला हा अनुभव आला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. कोकणात तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून ते ओळखले जात. ठाणे शहरातील त्यांचे सिनेगॉग १८७९ सालचे आहे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले, ते मराठी भाषा बरोबर घेऊनच. त्यांच्या घरचे जुने मराठी कागद आता किती ठिकाणी विखुरले असतील याची नोंद मात्र आपण ठेवलेली नाही.

कॅलनबॅक २५ मार्च १९४५ रोजी जोहान्सबर्ग येथे वारले. युद्ध युरोपात संपायला सहा आठवडे उरले होते. त्यांच्या अस्थी गॅलिली सरोवराकाठच्या देगानिया या किबुत्झमध्ये पुरण्यात आल्या. ग्रंथसंग्रह जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाकडे गेला. लग्न केलेले नसल्याने त्यांना मूल नव्हते. पत्रे, फोटो आणि इतर कागद आले ते भावंडांपैकी एकाची मुलगी हॅना लाझार यांच्याकडे. त्यांनी हे सारे इस्रायलला नेले. त्यांच्यामागे त्यांची मुलगी इसा सरीद यांनी हाइफा येथील आपल्या घरात ते जपले, लावले, वाचले आणि ख्रिस्तियान बार्टोल्फ यांच्यासमवेत १९९७ साली कॅलनबॅक यांचे छोटेसे चरित्र प्रसिद्ध केले. या दोघी इतिहासाच्या प्राध्यापक नव्हत्या, अभिलेखपालही नव्हत्या. घरातल्या एका माणसाचे कागद टाकून द्यावयाचे नाहीत, एवढेच त्यांनी ठरविले आणि ते साठ वर्षांहून अधिक काळ पाळले. त्या घरातील खोली, कपाटे आणि खोकी भाड्याच्या दराने मोजली तर केवढी रक्कम होईल, हा हिशेब कोणी केलेला नाही. पुढे शिमोन लेव्ह या इस्रायली संशोधकाला देगानियातील थडग्यावरून या माणसाचे कुतूहल वाटले, शोध घेत तो हाइफाच्या घरी पोहोचला, आणि २०१२ साली त्याचा या मैत्रीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. थडग्यावरून घर सापडले, पण घरात कागद नसते तर?

२०१२ मध्येच हा संग्रह लंडनच्या सॉथबीज कंपनीकडे लिलावासाठी आला. १० जुलै ही तारीख ठरली. पाच ते सात लाख पौंड किंमत येईल असा अंदाज होता. तीन वर्षांपूर्वी, २००९ च्या मार्चमध्ये, गांधीजींचा चष्मा, चपला इत्यादी वस्तू न्यूयॉर्कच्या लिलावात गेल्या होत्या व एका मद्यसम्राटाने त्या अठरा लाख डॉलरना घेतल्या होत्या, त्या वेळची नामुष्की सरकारच्या स्मरणात असावी. यावेळी भारत सरकारने लिलावापूर्वीच बोलणी करून संपूर्ण संग्रह घेतला. बातम्यांनुसार किंमत सुमारे बारा लाख ऐंशी हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सात कोटी रुपयांच्या आसपास. ३० जानेवारी २०१३ रोजी राष्ट्रीय अभिलेखागारात त्यातील निवडक कागदांचे व फोटोंचे प्रदर्शन भरले.

सात कोटी जास्त की कमी, यावर तेव्हा चर्चा झाली. माझे मत असे की चष्म्याला अठरा लाख डॉलर देणारा बाजार कागदाची किंमत ठरविण्यास लायक नाही. चष्मा पाहून गांधीजींविषयी काहीही नवे कळत नाही. या संग्रहात हरिलाल, मणिलाल, रामदास या मुलांची पत्रे आहेत, आप्तांची व सहकाऱ्यांची पत्रे आहेत. वडील म्हणून गांधीजी कसे होते, हे हरिलालच्या तोंडून ऐकावयाचे असेल तर तेथेच जावे लागेल. बाजारात या गोष्टीला वेगळा भाव नसतो. स्वाक्षरीला असतो.

कागद हाती असण्याचे महत्त्व २०११ मध्येच प्रत्ययास आले होते. जोसेफ लेलिव्हेल्ड या अमेरिकन पत्रकाराच्या गांधीचरित्रात कॅलनबॅक यांच्याशी असलेल्या मैत्रीचे विवेचन होते. परदेशी वृत्तपत्रांतील परीक्षणांनी त्यातून भलताच अर्थ काढला, लेखकाने तो नाकारला, तरीही पुस्तक येथे पोहोचण्यापूर्वीच गुजरातेत त्यावर बंदी आली. आपल्या राज्यातही बंदीची भाषा झाली. पुस्तक कोणी वाचले नव्हते आणि मूळ पत्रे तर त्याहून कमी जणांनी. वास्तविक गांधीजींची कॅलनबॅक यांना लिहिलेली कितीतरी पत्रे त्यांच्या संकलित वाङ्मयाच्या ९६ व्या खंडात केव्हाच छापली गेली होती. विनोद, लाड, रागावणे, उपदेश, दोन प्रौढ माणसांनी थट्टेने केलेले करारनामे, सारे तेथे आहे. ज्याला जो अर्थ काढावयाचा त्याने तो वाचून काढावा. बंदी घालणाऱ्यांना आणि चघळणाऱ्यांना, दोघांनाही पत्रे वाचण्याची गरज वाटली नाही. आणि दुसऱ्या बाजूची पत्रे असती तर हा वाद इतका सोपा राहिला नसता, असे राहून राहून वाटते.

रुसने गावी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजी व कॅलनबॅक यांचा शेजारी शेजारी उभा असलेला पुतळा बसविण्यात आला. पुतळे बसतात ते ठीकच. पुतळा घडविणाऱ्यालासुद्धा चेहऱ्यासाठी फोटो लागतो.

आमच्याकडे मागे उरलेल्या ट्रंकेचे काय झाले, ते सांगतो. फोटोची महाविद्यालयातील यंत्रावर मोठी प्रत काढली. मूळ फोटो वर्तमानपत्राच्या आम्लयुक्त कागदातून काढून साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळला, पाठीमागे मऊ पेन्सिलीने गाव व अंदाजे साल लिहिले, ट्रंक फडताळावर उंच ठेवण्यास सांगितले. एवढ्याला पंधरा-वीस रुपयांच्या वर खर्च आला नाही. भातसेच्या काठी पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि वाळवीला आमच्या घरात काय मोलाचे आहे ते नेमके कळते, म्हणून ही घाई. वर्गातील आणखी अकरा मुलांनी आपापल्या घरच्या ट्रंका उघडल्या. एकीत महायुद्धाच्या काळातले रेशनकार्ड होते, एकीत धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा कागद होता, आणि तो घरात आहे हे घरच्यांनाच माहीत नव्हते.

फोटोची मोठी प्रत त्या मुलाने आजीला नेऊन दाखविली. आजींची नजर अधू झाली आहे. त्यांनी प्रत खिडकीशी नेऊन धरली, बराच वेळ पाहिली आणि सासऱ्यांच्या डावीकडचा त्यांच्या मावसभावाचा, त्याच्या पलीकडचा गावच्या न्हाव्याचा, असे सांगून दोघांची नावे दिली. उजवीकडच्या दोघांपैकी एकाचा अर्धा चेहरा वाळवीने नेला आहे. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांच्या मूळ गावी नव्वदी ओलांडलेले एक गृहस्थ अद्याप आहेत, त्यांना कदाचित ओळख पटेल असे आजींचे म्हणणे. येत्या रविवारी पहिल्या एस. टी. ने आम्ही तिघे-चौघे प्रत घेऊन तिकडे जाणार आहोत.